संक्षुब्ध प्रवाह : संशोधनाचा इतिहास

द्रव व वायू यांना मिळून ‘द्रायू’ अशी संज्ञा आहे. ज्या प्रवाहात द्रायूचे थर एकमेकांत न मिसळता एकमेकांवरून सरकत जातात, त्यास स्तरीय प्रवाह म्हणतात. ज्या प्रवाहात प्रत्येक बिंदूपाशी वेग व दाब सतत आणि अनियमितपणे बदलत असतात व लहानमोठे भोवरे एकमेकांत मिसळत असतात, त्यास संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. निवांत खोलीत लावलेल्या उदबत्तीचा धूर काही अंतरापर्यंत सरळ रेषेत वर चढतो व नंतर एकाएकी वेटोळी घेत विसकटतो. पहिला भाग स्तरीय व दुसरा संक्षुब्ध प्रवाहाचा होय.

निसर्गातील व व्यवहारातील बहुतेक प्रवाह संक्षुब्धच असतात. नद्या, कालवे, पाणीपुरवठ्याचे नळ, वारा, ढग, विमानाच्या पंखालगतची हवा व एंजिनातून बाहेर पडणारा झोत ही त्याची उदाहरणे होत. प्रवाह संक्षुब्ध असल्यामुळे नळातील घर्षण वाढते व पंपांना अधिक शक्ती लागते. पण त्यामुळेच उष्णता लवकर पसरते आणि इंधन व हवा यांचे मिश्रण होते. पावसाळ्यात वऱ्हाडातील काळ्या जमिनीच्या प्रदेशात (उदा., वाशीम जिल्ह्यातील कामरगाव-कारंजा भागात) ओढेनाल्यांचे पाणी गढूळ होते. मातीचे सूक्ष्म कण पाण्यापेक्षा जड असूनही तळाशी बसत नाहीत, कारण प्रवाहातील भोवरे त्यांना पुन्हा पुन्हा वर उचलतात.

द्रायूच्या गतीची समीकरणे १८४५ पासून पूर्ण स्वरूपात ज्ञात आहेत. तथापि संक्षुब्ध प्रवाहाकरिता त्यांचा सर्वसाधारण उलगडा अद्याप झालेला नाही. धरणे, कालवे व विमाने मात्र त्या उलगड्याची वाट पाहत थांबू शकत नव्हती. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात गणिताइतकेच, किंबहुना काही टप्प्यांवर त्याहून अधिक महत्त्व निरीक्षणाच्या साधनांना आले. प्रवाह डोळ्यांना दिसेल अशी नवी युक्ती जेव्हा जेव्हा सापडली, तेव्हा तेव्हा संक्षोभाविषयीची कल्पनाही बदलली.

प्रारंभीची निरीक्षणे : इटालियन चित्रकार व संशोधक लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभी कुंडात पडणाऱ्या पाण्याची रेखाचित्रे काढली. त्यांत मोठ्या भोवऱ्यांच्या आत लहान भोवरे दाखविलेले आहेत. यानंतर सु. तीनशे वर्षे या निरीक्षणाला शास्त्रीय आधार मिळाला नाही. फ्रान्समधील नाव्ह्ये यांनी १८२२ मध्ये व ब्रिटनमधील स्टोक्स यांनी १८४५ मध्ये श्यानता (द्रायूचा चिकटपणा) लक्षात घेऊन गतीची समीकरणे मांडली. अरुंद नळीतील मंद प्रवाहाला ही समीकरणे अचूक लागू पडत. परंतु रुंद नळ व कालवे यांतील प्रवाहाला प्रत्यक्षात होणारा विरोध गणिताने येणाऱ्या विरोधाच्या अनेक पट असे. फ्रेंच गणितज्ञ बूसिनेस्क यांनी १८७७ मध्ये भोवऱ्यांमुळे द्रायूची श्यानता जणू वाढते, अशी कल्पना मांडून या तफावतीचा हिशेब लावण्याचा प्रयत्न केला. व्यावहारिक आकडेमोडीत ही कल्पना आजही वापरली जाते.

रेनल्ड्झ यांचे प्रयोग : मँचेस्टर येथील ऑझ्बर्न रेनल्ड्झ (१८४२–१९१२) यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या विषयाचा पाया घातला. पाण्याने भरलेल्या टाकीत काचेची नळी आडवी ठेवून तिच्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडण्याची त्यांनी व्यवस्था केली. वेग कमी असताना रंगाची रेषा नळीच्या टोकापर्यंत अखंड राहिली; वेग एका मर्यादेपलीकडे गेल्यावर ती एकाएकी फुटून सर्व पाणी रंगीत झाले. ही मर्यादा केवळ वेगावर अवलंबून नसून वेग, नळीचा व्यास व द्रायूची घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले असता येणाऱ्या संख्येवर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले. या परिमाणरहित संख्येला ‘रेनल्ड्झ अंक’ म्हणतात. नळातील प्रवाहात हा अंक सु. २,००० पेक्षा कमी असल्यास प्रवाह स्तरीय राहतो. अडीच सेंमी. व्यासाच्या नळातील पाण्याच्या बाबतीत ही मर्यादा सेकंदाला केवळ सु. ८ सेंमी. वेगालाच गाठली जाते. एक मी. खोल व सेकंदाला एक मी. वेगाने वाहणाऱ्या कालव्यात रेनल्ड्झ अंक सु. दहा लक्ष इतका असतो.

या प्रयोगातील एका निरीक्षणाकडे पुढे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. साध्या प्रकाशात एकजीव दिसणारे रंगीत पाणी रेनल्ड्झ यांनी विद्युत् ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात पाहिले, तेव्हा त्यांना त्यात स्पष्ट आकाराची वेटोळी दिसली. डोळ्यांना जो निव्वळ गोंधळ वाटत होता, त्यात काही रचना असल्याची ही पहिली खूण होती. तथापि १८९५ मध्ये रेनल्ड्झ यांनीच वेगाचे सरासरी व चढउतार असे दोन भाग पाडून समीकरणे नव्याने मांडली आणि पुढील अर्धशतक संशोधनाचा भर सरासरीवर राहिला. या पद्धतीत अज्ञात राशींची संख्या समीकरणांच्या संख्येपेक्षा नेहमीच अधिक राहते. ही अडचण ‘पूर्तीचा प्रश्न’ म्हणून ओळखली जाते.

गटिंगेन संप्रदाय : जर्मन अभियंते व शास्त्रज्ञ लूटव्हिख प्रांट्ल (१८७५–१९५३) यांनी १९०४ मध्ये हायडल्बर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडली. पदार्थाच्या पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरातच श्यानतेचा परिणाम मुख्यतः जाणवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कल्पनेमागेही निरीक्षणच होते. हाताने चक्र फिरवून पाणी खेळते ठेवणाऱ्या एका लहान जलमार्गात चकाकणारे खनिज कण सोडून त्यांनी प्रवाहाची छायाचित्रे घेतली होती. पुढे गटिंगेन विद्यापीठात त्यांच्या मार्गदर्शनाखाली या विषयाचे मोठे केंद्र उभे राहिले. प्रांट्ल यांनी १९२५ मध्ये संक्षुब्ध प्रवाहातील मिश्रणाच्या लांबीची कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी कारमान यांनी १९३० मध्ये भिंतीलगतच्या वेगाचा लॉगरिथमीय नियम दिला आणि निकुरात्से यांनी आतून वाळूचे कण चिकटविलेल्या नळांवरील प्रयोग १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. खडबडीतपणाचा घर्षणावर होणारा परिणाम अजमावताना या प्रयोगांचा आधार अद्यापि घेतला जातो.

याच काळात कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे जन्मलेले विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांनी गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. भारतात परतल्यावर त्यांनी बंगलोर येथे अध्यापन केले व हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात विमानांच्या अभिकल्पाची (आराखड्याची) जबाबदारी सांभाळली. भारतात अभिकल्पित झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५१ मध्ये प्रथम उडाले. ‘किरण’ या झोत विमानाचे कार्यही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाले. सीमास्तराचे गटिंगेनमधील शास्त्र भारतीय विमान अभिकल्पापर्यंत पोहोचविणारे ते एक महत्त्वाचे दुवे ठरले.

सांख्यिकीय सिद्धांत : इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड्सन यांनी १९२२ मध्ये असे सुचविले होते की, मोठे भोवरे आपली ऊर्जा लहान भोवऱ्यांना देतात, ते आणखी लहानांना देतात व अखेरीस श्यानतेमुळे तिची उष्णता होते. टेलर यांनी १९३५ मध्ये संक्षोभाचा सांख्यिकीय सिद्धांत मांडला. रशियन गणितज्ञ कॉल्मॉगॉरॉव्ह यांनी १९४१ मध्ये रिचर्ड्सन यांच्या चित्राला गणिती रूप दिले. रेनल्ड्झ अंक दहा लक्ष असताना सर्वांत लहान भोवरे मोठ्या भोवऱ्यांच्या सु. ३०,००० पट लहान असतात, असे त्यांच्या सिद्धांतावरून निघते. या काळातील मापनाचे मुख्य साधन तप्त तार वेगमापक हे होते. विजेने तापविलेली अतिसूक्ष्म तार प्रवाहात धरल्यास वेगाच्या चढउताराप्रमाणे ती कमीजास्त थंड होते व त्यावरून वेग कळतो. मात्र हे साधन एका वेळी एकाच बिंदूचा वेग सांगते, सभोवतालच्या प्रवाहाचा आकार दाखवीत नाही. संक्षोभ म्हणजे निव्वळ यादृच्छिक (कोणताही क्रम नसलेली) हालचाल, ही समजूत दृढ होण्यास साधनाची ही मर्यादाही कारणीभूत झाली.

दृश्यीकरण व सुसंगत रचना : पारदर्शक माध्यमाची घनता ठिकठिकाणी भिन्न असल्यास प्रकाशाचे वक्रीभवन कमीजास्त होते. या तत्त्वावर जर्मन शास्त्रज्ञ ट्योप्लर यांनी १८६४ च्या सुमारास ‘श्लीरेन’ ही पद्धती विकसित केली व तिच्या साहाय्याने माख व साल्खर यांनी वेगवान गोळीभोवतालच्या हवेतील तरंगांची छायाचित्रे १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात धूर, रंग, सूक्ष्म कण व बुडबुडे यांच्या उपयोगाने या कलेत मोठी प्रगती झाली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लाइन व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात पाण्यात बारीक तार ताणून विद्युत् विच्छेदनाने हायड्रोजनाचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण केले. भिंतीलगतच्या संक्षुब्ध थरात मंद व जलद वेगाचे लांबट पट्टे आळीपाळीने असतात, मंद पट्टे मधूनमधून वर उचलले जातात व फुटतात, असे त्यांना आढळले. भिंतीवरील घर्षणाचे रहस्य या ‘स्फोटां’शी निगडित आहे, हे उघड झाले. हे स्फोट किती काळाने होतात, या प्रश्नावर बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील राव, नरसिंह व बद्री नारायणन् यांनी १९७१ मध्ये महत्त्वाचे कार्य प्रसिद्ध केले. स्फोटांची वारंवारता भिंतीजवळच्या राशींवर नव्हे, तर सीमास्तराची एकूण जाडी व बाहेरचा वेग यांवर ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यापूर्वी १९५८ मध्ये सतीश धवन व रोद्दम नरसिंह यांनी स्तरीय प्रवाहाचे संक्षुब्ध प्रवाहात होणाऱ्या संक्रमणाचा अभ्यास केला होता.

कॅलिफोर्निया येथील ब्राउन व रॉश्को यांनी १९७४ मध्ये हीलियम व नायट्रोजन यांचे दोन झोत भिन्न वेगांनी शेजारून सोडून त्यांच्या मिश्रणथराच्या छाया छायाचित्रित केल्या. पूर्णतः संक्षुब्ध असलेल्या त्या थरात एकामागून एक अशी मोठ्या भोवऱ्यांची सुबक रांग दिसली. अशा आकारांना ‘सुसंगत रचना’ म्हणतात. रेनल्ड्झ यांना ठिणगीच्या प्रकाशात जे ओझरते दिसले होते, त्याला ९१ वर्षांनी निःसंदिग्ध पुष्टी मिळाली.

संक्षोभजन्य ध्वनी : वाऱ्यात तारा गुणगुणतात, हे पूर्वापार ज्ञात होते. चेक शास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये दाखविले की, या स्वराची कंप्रता वेगाच्या सम व तारेच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. तारेमागे आळीपाळीने सुटणारे भोवरे हे त्याचे कारण असून त्यांच्या रांगेच्या स्थैर्याचे गणित कारमान यांनी १९११-१२ मध्ये केले. हा स्वर निश्चित असतो. संक्षुब्ध प्रवाहाचा ध्वनी मात्र अनेक कंप्रतांचे मिश्रण असलेला गोंगाट असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी झोत विमाने येऊ घातली, तेव्हा विमानतळांभोवतीच्या वस्तीला होणाऱ्या गोंगाटाचा प्रश्न तीव्र झाला. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल (१९२४–९८) यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार घन पदार्थाचा कंप नसतानाही केवळ भोवऱ्यांच्या परस्परक्रियेने ध्वनी निर्माण होतो आणि झोताची ध्वनिशक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ झोताचा वेग निम्मा केल्यास ध्वनिशक्ती २५६ पट, म्हणजे सु. २४ डेसिबेल, कमी होते. मोठ्या व्यासाच्या पंख्याने पुष्कळ हवा कमी वेगाने मागे ढकलणारी एंजिने इंधन वाचविण्यासाठी आली. त्यांच्यामुळे गोंगाटही कमी झाला, त्याचे कारण या नियमात आहे. कर्ल यांनी १९५५ मध्ये स्थिर पृष्ठभागाचा व फौक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांनी १९६९ मध्ये हलत्या पृष्ठभागाचा परिणाम या सिद्धांतात समाविष्ट केला. पुढे झोतातील सुसंगत रचनांचा ध्वनीशी असलेला संबंध तपासला जाऊ लागला. काही आधुनिक एंजिनांच्या मागील कडेला दिलेले करवतीसारखे दाते या भोवऱ्यांच्या मिश्रणात बदल घडवून गोंगाट कमी करतात.

पाण्यातही असा ध्वनी उद्भवतो. वेगवान संक्षुब्ध प्रवाहात दाब क्षणभर फार उतरला, तर बाष्पाचे बुडबुडे निर्माण होतात व अधिक दाबाच्या जागी येताच ते फुटतात. या क्रियेला पोकळी निर्मिती म्हणतात. तिचा कडकड असा आवाज होतो व लगतचे काँक्रीट वा धातू कुरतडले जातात. अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांची १९८३ च्या पुरात अशीच मोठी हानी झाली. त्यानंतर प्रवाहात हवा मिसळणाऱ्या खाचा तेथे करण्यात आल्या.

महाराष्ट्रातील संशोधन : धरणाच्या सांडव्यावरील पाण्याचे वर्तन केवळ गणिताने ठरविता येत नाही, म्हणून लहान प्रतिकृतीवर प्रयोग करावे लागतात. या कार्याचे भारतातील प्रमुख केंद्र पुण्याजवळ खडकवासला येथे आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनविषयक विशेष विभाग म्हणून ज्याचा प्रारंभ केला, तेच पुढे केंद्र सरकारच्या अखत्यारीत जाऊन केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. येथील संचालक क्लॉड इंग्लिस यांनी नद्या व कालवे यांच्या वर्तनाविषयी केलेले संशोधन १९४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नंतरच्या काळात डी. व्ही. जोगळेकर यांनी नदी-नियंत्रणविषयक कार्य पुढे नेले.

प्रतिकृतीच्या प्रयोगांत संक्षोभामुळे एक मूलभूत अडचण येते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम प्रमाणबद्ध राहावा म्हणून वेग मापप्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. त्यामुळे १:३६ प्रमाणाच्या प्रतिकृतीत वेग सहाव्या हिश्श्यावर येतो आणि पाणी तेच असल्याने रेनल्ड्झ अंक २१६ पट कमी होतो. प्रतिकृतीतील प्रवाह संक्षुब्ध राहील इतकी ती मोठी ठेवली, तर घर्षणाचा अंदाज बांधता येतो. परंतु हवेचे बुडबुडे व पोकळी निर्मिती प्रतिकृतीत जशीच्या तशी उतरत नाही. म्हणून प्रतिकृतीवरील मोजमापांना प्रत्यक्ष धरणांवरील मोजमापांची जोड द्यावी लागते. पृष्ठभागावर कागदाचे कपटे सोडून दीर्घ उद्भासनाने (भिंग अधिक वेळ उघडे ठेवून) छायाचित्रे घेणे, ही प्रवाहाच्या वाटा पाहण्याची जलीय प्रयोगशाळांतील जुनी व स्वस्त पद्धत होय.

गाळ वाहून नेणाऱ्या प्रवाहांविषयी रूडकी येथे आर. जे. गर्दे यांनी दीर्घकाळ संशोधन केले. के. जी. रंग राजू यांच्यासह त्यांनी लिहिलेला गाळाच्या वहनावरील ग्रंथ (१९७७) व संक्षुब्ध प्रवाहावरील त्यांचे पाठ्यपुस्तक (१९९४) अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ मध्ये विमानांतून ढगांचे निरीक्षण करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ढगाच्या कडेने कोरडी हवा आत मिसळण्याची क्रिया संक्षुब्ध असते व पावसाचे थेंब वाढण्याशी तिचा संबंध असल्याने, मॉन्सूनच्या अभ्यासात हा विषय महत्त्वाचा ठरला आहे.

संगणन : संगणकांच्या आगमनानंतर प्रवाहाचे समीकरण बिंदूबिंदूपाशी सोडविणे शक्य झाले. येथे पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर (जन्म १९४१) यांचे कार्य पायाभूत आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण घेऊन त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात स्पॉल्डिंग यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. वेग व दाब यांची परस्परावलंबी समीकरणे टप्प्याटप्प्याने दुरुस्त करीत सोडविण्याची ‘सिंपल’ ही रीत पाटणकर व स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पाटणकर यांचा १९८० मधील ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. लाँडर व स्पॉल्डिंग यांच्या १९७४ मधील संक्षोभाच्या प्रतिमानासह ही रीत भट्ट्या, टर्बाइने व शीतन यंत्रणा यांच्या अभिकल्पात रूढ झाली. या आकडेमोडीत संक्षोभाचा परिणाम अंदाजी सूत्रांनीच धरला जातो. सूत्र ज्या प्रकारच्या प्रवाहावर पारखले असेल, त्याहून वेगळ्या प्रवाहात ते चुकू शकते.

कोणतेही अंदाजी सूत्र न वापरता सर्व भोवऱ्यांचे संगणन करावयाचे झाल्यास लागणारे बिंदू रेनल्ड्झ अंकाच्या सव्वादोन घाताच्या प्रमाणात वाढतात. वर उल्लेखिलेल्या साध्या कालव्याकरिता त्यांची संख्या तिनावर तेरा शून्ये इतकी होते. किम, मोईन व मोझर यांनी १९८७ मध्ये दोन भिंतींमधील कमी रेनल्ड्झ अंकाच्या प्रवाहाचे असे संगणन सु. ४० लक्ष बिंदू घेऊन केले. भिंतीलगतचे जे पट्टे क्लाइन यांना बुडबुड्यांनी दिसले होते, तेच या संगणनातही आढळले. ध्वनीच्या संगणनात अडचण अधिक असते, कारण झोताच्या एकूण ऊर्जेचा अत्यल्प अंशच ध्वनिरूपाने बाहेर पडतो व आकडेमोडीतील किरकोळ चूकही त्याला झाकून टाकते. संजीव लेले यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या अत्यंत अचूक अंतर-पद्धतींमुळे या कामी मोठे साहाय्य झाले. कलोनिअस, लेले व मोईन यांनी १९९७ मध्ये मिश्रणथरातून निघणाऱ्या ध्वनीचे प्रत्यक्ष संगणन करून ते लाइटहिल यांच्या विचारसरणीवर आधारित सिद्धांताशी ताडून पाहिले.

सद्यःस्थिती : लेसर प्रकाशाच्या पातळ पडद्यात सूक्ष्म कणांची लागोपाठ दोन छायाचित्रे घेऊन कणांच्या सरकण्यावरून संपूर्ण प्रतलातील वेग मोजण्याची पद्धती १९८० नंतर विकसित झाली. तीमुळे पाहणे व मोजणे या पूर्वी वेगळ्या असलेल्या क्रिया एकत्र आल्या. दृश्यीकरण आता संगणकाने काढलेल्या आकड्यांचेही करावे लागते, कारण कोट्यवधी आकड्यांतून भोवऱ्याचा आकार ओळखण्यासही चित्र लागतेच.

मूळ प्रश्न मात्र शिल्लक आहे. नाव्ह्ये-स्टोक्स समीकरणांना त्रिमितीत सर्व काळ सुरळीत राहणारा उलगडा असतोच काय, हा प्रश्न अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली सहस्रकाच्या सात प्रश्नांत समाविष्ट करून त्यावर दहा लक्ष डॉलरचे पारितोषिक ठेवले. ते अद्याप कोणाला मिळालेले नाही. तोपर्यंत सांडव्याची उंची, कालव्याचा उतार व एंजिनाच्या तोंडाचा आकार ठरविताना सिद्धांत, संगणन व प्रतिकृती यांचा एकत्र आधार घ्यावा लागतो, आणि प्रत्यक्ष वाहत्या पाण्याचे व हवेचे निरीक्षण ही त्या तिन्हींची अखेरची कसोटी राहते.